लाईव्ह म्युझिक : आबांचं आणि माझं

तर झालं असं, की शुक्रवारी दुपारी कॅन्टीनमध्ये नेहमीचा विषय निघाला. विकेंडला काय करायचं? आमच्या टीममध्ये एक बेळगावकर नुकताच बेंगळुरूहून बदली होऊन आलाय. त्याला पुण्यात लाईव्ह म्युझिक ऐकायचं होतं. "स्टेडियममधली धक्काबुक्की नको, आणि कॅफेत कोपऱ्यात बसून गिटार वाजवणारा पण नको. मधल्या आकाराचं काहीतरी सांगा," असं त्याचं रिक्वायरमेंट स्पेसिफिकेशन. कोरेगाव पार्क, बाणेर वगैरे नावं निघाली. मी आपला सहज बोलून गेलो, "आर्यभूषणला जाऊ या."

टेबलावरचे दोघे अस्सल पुणेकर एकदम गप्प झाले. मग हसायला लागले. एक जण म्हणाला, "अरे, ते तमाशा थिएटर आहे!" मी म्हटलं, "हो. ढोलकी आहे, तबला आहे, पेटी आहे, गाणारी समोर बसून गाते. याहून लाईव्ह काय असतं?" त्यावर आमच्या टेस्टिंगवाल्या मैत्रिणीने विचारलं, "बायका जातात का तिथे?" मला उत्तर माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मग मी येते. बघूया."

खरं सांगायचं तर मी स्वतःही कधी गेलो नव्हतो. नऊ वर्षं पुण्यात आहे, चार वर्षं कॉलेजची आणि बाकीची हिंजवडीची. सवाईला गेलोय, रॉक कॉन्सर्टला गेलोय, पण गणेश पेठेतल्या या थिएटरच्या दिशेला पाऊल वळलं नाही. मित्रांना काय वाटेल, हे एक कारण. दुसरं कारण घरातलं होतं.

माझं गाव शिनोली. मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरला जाताना रस्त्यात लागतं. तुम्ही पावसाळ्यात भीमाशंकरला बाईकवर गेला असाल तर आमच्या गावातून गेला आहात, फक्त थांबला नसाल. पुढे डिंभे धरण आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं, ते जुनं आंबेगाव त्याच धरणाच्या पाण्याखाली गेलं. तर या आमच्या पट्ट्यातली, म्हणजे जुन्नर-आंबेगाव-खेडची माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईला पोट भरायला जात आली. कुणी डबेवाले झाले, कुणी माथाडी, कुणी गिरणीत लागले. माझे आबा, म्हणजे आजोबा, गिरणीत लागले. लालबागच्या एका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे. जेवण खाणावळीत. आजी आणि मुलं गावाला, आणि महिन्याला एक मनीऑर्डर.

आबा गेले तेव्हा मी बारावीत होतो. त्यांच्या बोलण्यात एक नाव सारखं यायचं, हनुमान थिएटर. लालबागचं. रात्रपाळी नसली की आबा तिथे. गोष्ट रंगात आली की ओसरीच्या आतून आजीच्या भांड्यांचा आवाज वाढायचा आणि आबा विषय बदलायचे. लहानपणी मला ते गमतीचं वाटायचं. पुढे कळलं, की एका महिन्याची मनीऑर्डर पंधरा रुपयांनी कमी आली होती, आणि ती भांडी त्या पंधरा रुपयांसाठी वाजत होती. चाळीस वर्षं!

असो. शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं निघालो.

थिएटर शोधायला त्रास पडला नाही, आत शिरताना मात्र पडला. चौघंही एकमेकांकडे बघत, कुणी ओळखीचं दिसतंय का याचा अंदाज घेत. आत गेल्यावर पाच मिनिटांत ती भीती गेली, कारण आमच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळ्यांचं लक्ष स्टेजवर.

आता थोडी तांत्रिक माहिती, कारण मलाही ती तिथे गेल्यावरच नीट कळली. आपण सरसकट 'तमाशा' म्हणतो, पण त्यात दोन वेगवेगळे प्रकार आहेत. एक ढोलकी फडाचा तमाशा. गण, गवळण, बतावणी आणि मग वगनाट्य. ट्रकमधून तंबू, लाईट, शंभरेक माणसं घेऊन गावोगावच्या यात्रांना फिरणारा. आमच्या गावाकडे दिसतो तो हा. दुसरा प्रकार संगीत बारी. यात वग नसतो, सोंगाड्याचं राज्य नसतं. गाणं, नाच आणि अदा. बाई गाते, नाचते, आणि मागे पेटी, तबला, ढोलकी. हा प्रकार बसून ऐकायचा, म्हणून तो थिएटरमध्ये आणि कला केंद्रांमध्ये वाढला.

'बारी' म्हणजे पाळी. एका थिएटरला अनेक पार्ट्या असतात. एका पार्टीने ठरलेला वेळ स्टेजवर गायचं, मग दुसरीची बारी, मग तिसरीची. सगळ्यांच्या झाल्या की पुन्हा पहिली. इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरात 'राऊंड रॉबिन शेड्युलिंग' पाठ केलं होतं, आठवतंय? प्रत्येक प्रोसेसला सारखा वेळ, वेळ संपला की रांगेत मागे. अगदी तेच! मी हे बेळगावकराच्या कानात सांगितलं तर तो म्हणाला, "गप बस आणि ऐक."

ऐकलं. पहिल्या दोन बाऱ्यांमध्ये बरीचशी सिनेमातली गाणी होती. 'नटरंग' २०१० साली आला तेव्हापासून लावणी म्हटलं की लोकांना जी गाणी आठवतात, ती. प्रेक्षक शिट्ट्या वाजवत होते, फर्माईश सांगत होते, नोटा पुढे करत होते. या नोटा देण्याला दौलतजादा म्हणतात. गंमत म्हणून बघायला हे सगळं ठीक, पण मनात म्हटलं, यासाठी आबा पंधरा रुपये घालवतील असं वाटत नाही.

मग तिसरी बारी आली. पन्नाशीच्या पुढच्या एक बाई स्टेजवर येऊन चक्क खाली बसल्या. नऊवारी, हातात काही नाही. पेटीवाल्याने सूर धरला आणि त्यांनी एक ओळ म्हटली. तीच ओळ परत म्हटली. परत म्हटली. पहिल्यांदा त्यात रुसवा होता. दुसऱ्यांदा थट्टा. तिसऱ्यांदा भुवई जरा वर गेली आणि त्याच शब्दांचा अर्थ नेमका उलटा झाला. चौथ्यांदा नुसता हात पदराकडे गेला आणि थांबला. माझी मैत्रीण एवढ्या जोरात "वा!" म्हणाली की पुढच्या रांगेतले काका वळून बघायला लागले. आमच्या आसपास ती एकटीच बाई होती. स्टेजवरच्या बाईंनीही बघितलं, आणि पुढची ओळ सरळ तिच्याकडे बघून म्हटली.

ही बैठकीची लावणी. शब्द एकच, अर्थ दहा, आणि ते काढायचे नजरेने, गळ्याने, बोटांनी. शास्त्रीय गाणारे ठुमरीत जे करतात, त्याची ही सख्खी बहीण. सवाईच्या मांडवात हे ऐकलं असतं तर आपण डोळे मिटून मान हलवली असती.

आता इतिहासाकडे. घरी आल्यावर रविवार मी यातच घालवला.

लावणीचा पहिला मोठा बहर उत्तर पेशवाईतला. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी-बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर ही शाहीर मंडळी त्या काळातली. राम जोशी सोलापूरचे ब्राह्मण, होनाजी गवळी, सगनभाऊ मुसलमान, परशराम शिंपी. आणि दुसऱ्या बाजीरावाचा दरबार पुण्यातच. म्हणजे आज ज्या शहरात आर्यभूषणचं नाव काढल्यावर लोक गप्प होतात, त्या शहरात दोनशे वर्षांपूर्वी लावणीला राजाश्रय होता. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि आश्रयदाता गेला. मग ही कला जगली कशावर? आधी गावोगावच्या यात्रांवर, आणि नंतर तिकिटावर.

तिकिटाची गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. १८५० च्या दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव वसलं. कोकणातून आणि घाटावरून माणसं आली. कोकणी माणसाने दशावतार आणि नमन आणलं, घाटी माणसाने तमाशा आणला. या माणसांकडे गावात कधी नव्हती अशी एक गोष्ट होती, ती म्हणजे दर महिन्याला हातात येणारा रोख पगार. आणि घरचं माणूस जवळ नाही. संध्याकाळ मोकळी, खोलीत बसायला जागा नाही. मधल्या आकाराचं थिएटर उभं राहायला अजून काय लागतं? लालबागच्या हनुमान थिएटरच्या मागे हेच गणित होतं. शाहीर मधुकर नेराळे आणि त्यांच्या कुटुंबाने ते चालवलं आणि राज्यातले मोठमोठे फड तिथे येऊन गेले. गावाकडे वर्षातून एकदा यात्रेला दिसणारा तमाशा कामगाराला इथे पाळी सुटल्यावर बघता येत होता.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, माझे आबाही. पगार थांबला की तिकीटही थांबतं. संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, पण माणसं एकेक करून गावाला परतली. हनुमान थिएटरचा प्रेक्षकच ओसरला आणि पुढे तिथले तमाशेही थांबले. एखादी कला 'लोकांची आवड बदलली' म्हणून मेली असं आपण पटकन म्हणतो. आबांची आवड बदलली नव्हती. त्यांचा पगार बंद झाला होता.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, की हा आता गेलेल्या दिवसांसाठी गळा काढणार. मलाही तसंच वाटलं होतं. पण आणखी वाचत गेलो तसं ते सोपं राहिलं नाही.

स्टेजवर कोण होतं आणि खुर्चीत कोण होतं, हा प्रश्न कधीतरी विचारावाच लागतो. तमाशात नाचणाऱ्या बाया प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतल्या. संगीत बारीतल्या अनेक घरांत बाईने लग्न करायचं नाही, तिच्या कमाईवर सगळं कुटुंब चालायचं, अशी रीत होती. पठ्ठे बापूराव हे तमाशातलं सगळ्यात मोठं नाव. मूळचे श्रीधर कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण, १८६६ चा जन्म. त्यांनी जातीबाहेर जाऊन पवळाबाईंबरोबर फड गाजवला आणि १९४५ साली पुण्यात हलाखीत गेले. त्यांच्या त्यागाच्या गोष्टी आपण ऐकतो. पण त्याच बापूरावांनी चळवळीच्या निधीला मदत देऊ केली तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली, अशी हकीकत सांगितली जाते. आमच्या बायकांना नाचवून मिळवलेला पैसा आम्हाला नको, असा त्याचा अर्थ. हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून जरा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. काल मीही नोट दिली होती.

स्वातंत्र्याच्या आसपास बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. ओरड झाल्यावर दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, बंदी उठली, आणि 'शुद्ध' तमाशाचं युग आलं. १९५९ साली 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदला शंभराहून जास्त आठवडे चालला. पडद्यावरची लावणी घराघरांत पोचली, पण स्टेजवरची बाई घराबाहेरच राहिली. या सगळ्यावर शैलजा पाईक यांचं 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' हे पुस्तक २०२२ साली आलं. लेखिका पुण्यातल्या येरवड्यात वाढलेल्या. कलेचा गौरव करायचा आणि कलावंतिणीला अश्लील म्हणायचं, हे एकाच वेळी कसं चालतं, ते त्यांनी उलगडून दाखवलंय. दुसऱ्या बाजूने भूषण कोरगांवकरांचं 'संगीत बारी' वाचावं. त्यातल्या बाया स्वतःच्या गाण्याबद्दल बोलतात तेव्हा त्या बिचाऱ्या वगैरे वाटत नाहीत. आपलं काम उत्तम येणारी माणसं जशी बोलतात, तशा त्या बोलतात. मला दोन्ही पुस्तकं एकदमच खरी वाटतात. या दोघांमधला 'मर्ज कॉन्फ्लिक्ट' मला सोडवता आलेला नाही, आणि एका विकेंडात तो सुटावा अशी अपेक्षाही नाही.

आमच्याकडे तर हा इतिहास अगदी दारातला. शिनोलीहून नारायणगाव जवळ. त्याला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी द्यायला येतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला, आणि विठाबाई त्या घरातल्या. १९३५ साली पंढरपुरात जन्म. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपती पदक. प्रयोग चालू असताना कळा सुरू झाल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, ही गोष्ट आमच्या भागात पोराटोरांना पाठ असते. आपण ती शौर्यकथा म्हणून सांगतो. माझी मैत्रीण ती ऐकून एवढंच म्हणाली, "म्हणजे तिला सुट्टी नव्हती." शेवटची वर्षं हलाखीत काढून विठाबाई १५ जानेवारी २००२ ला गेल्या. आता त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं.

त्या रात्री बारी संपल्यावर बेळगावकराने फर्माईश केली. नोट घ्यायला आल्यावर बाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "गाव कोणतं म्हणायचं?" त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "शिनोली. घोडेगावच्या पुढे." त्या पेटीवाल्याकडे वळून म्हणाल्या, "विठाबाईंच्या मुलखातले पाव्हणे आलेत." आणि मायकवरून गावाचं नाव घेतलं. गणेश पेठेत, शनिवारी रात्री, शिनोली! माझ्या अंगावर काटा आला. पंधरा रुपयांत आबांना नेमकं काय मिळत असेल, हे तेव्हा कळलं. गिरणीत ते नुसता नंबर होते. इथे मायकवरून त्यांच्या गावाचं नाव घेतलं जायचं. खोटं नाही सांगत, मी लगेच दुसरी नोट काढली. आणि त्याच वेळी हेही कळलं, की अशाच कुठल्यातरी दुसऱ्या नोटेची वाट बघत आजी शिनोलीत बसली होती.

पुढच्या शनिवारी गावाला गेलो. आजी आता ऐंशीच्या पुढे आहे, कान अजून तिखट. रात्री अंगणात बसलो असताना सांगून टाकलं. आता भांडी वाजणार, अशा तयारीने.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गाणारीण कशी व्हती?"

"भारी होती आजी. बसून गायली. एकच ओळ दहा वेळा."

"बसून म्हंजी जुनी दिसतीय. यात्रंतल्या उभ्यानं गात्यात." मी तिच्याकडे बघतच राहिलो. तिला कसं माहीत? तर म्हणाली, "यात्रंचा कर्णा रातभर वाजायचा. आम्ही बाया काय कानात बोळं घालून निजायचो व्हय? भाकरी थापता थापता समदं ऐकलंय. बघाया कुनी नेलं न्हाई, एवढंच."

मी सांगितलं, की आमच्याबरोबर एक मुलगी पण होती. आजीचे डोळे मोठे झाले. "बाई मानूस? तिकडं? आन तिला कुनी काय बोललं न्हाई?"

"नाही. उलट बाई तिच्याकडे बघूनच गायल्या."

परत शांतता. मनीऑर्डरचं काढावं का नको, असा विचार मी करत होतो, तेवढ्यात तिनेच काढलं. "तुझ्या आबानं पत्रात लिव्हलं, खानावळीचा दर वाढला म्हून पंधरा रुपय कमी. मला ठावं व्हतं. पैशाचा राग न्हाई आला रं. खोटं कशापायी बोलायचं? मला सांगितलं असतं काय ऐकलं, कसं ऐकलं, तर मी काय न्हाई म्हनले असते?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आबांकडेही नसावं, म्हणून ते विषय बदलायचे.

मी विचारलं, "आजी, तू येतेस का पुण्याला? नेतो तुला."

"गप. माजं गुडघं बघ." आणि पदर सारखा करून उठायला लागली. दारापर्यंत गेली, चौकटीला धरून थांबली आणि मागे न बघता विचारलं, "तिथं बसाया खुर्ची असती का, खालीच बसाया लागतं?"

"असते," मी म्हटलं.